घरची मेणबत्ती : नवशिक्यांच्या चुका आणि घ्यावयाची काळजी



सभासदांच्या घरातील महिलांनी काही जोडधंदा करावा, चार पैसे हातात यावेत, असे आपण सगळेच म्हणतो. पापड-लोणची झाली, शिवणकाम झाले. अलीकडे गावोगावच्या बचत गटांतून मेणबत्तीचे नाव बरेच ऐकू येते. भांडवल थोडे, जागा थोडी, आणि माल नासत नाही. हे सगळे खरे. पण मेण वितळवायचे म्हणजे घरात विस्तवाशी खेळ, आणि तो कसा खेळायचा हे सांगणारे कोणी भेटत नाही. "त्यात काय शिकायचं?" हेच वाक्य सगळीकडे ऐकू येते.

हे वाक्य एकदा मीच बोललो होतो, म्हणून हा लेख.

१९८८ सालची दिवाळी जवळ आली होती. विजेची रोजची ये-जा, त्यामुळे मेणबत्त्यांना मागणी. आमच्या थोरल्या वहिनींनी बाजारातून मेणाची वडी आणि एक अॅल्युमिनियमचा साचा आणला. मी तेव्हा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. रोज थर्मामीटर हातात, म्हणून घरात मला शास्त्र कळते असा समज. वहिनींनी विचारले, "भाऊजी, मेण किती वेळ ठेवायचं चुलीवर?" मी म्हणालो, "वितळेपर्यंत ठेवा. त्यात काय शिकायचं?" आणि पाळीवर निघून गेलो.

वहिनींनी पातेले थेट स्टोव्हवर ठेवले. मेण वितळले. तेवढ्यात दारात कोणी आले म्हणून त्या बाहेर गेल्या. दहा मिनिटे झाली असतील नसतील. परत येऊन पाहतात तो पातेल्यातून पांढरा धूर, आणि पाहता पाहता वर ज्वाळा. कोणीही करील तेच त्यांनी केले. तांब्याभर पाणी ओतले. जाळ आढ्यापर्यंत गेला. तुळईवरचा काळा डाग आम्ही पुढे चुन्याने झाकला, पण वहिनींच्या उजव्या हातावरचा डाग अजून आहे. पोरं अंगणात होती म्हणून वाचली. वहिनींनी मला कधी बोल लावला नाही. पण "वितळेपर्यंत ठेवा" हे सांगताना "कशावर आणि कसं" हे मी सांगितले नाही, ही चूक माझी.

आता नेमके काय घडले ते समजून घेऊ.

आपल्यापैकी बहुतेकांनी गुऱ्हाळ पाहिले आहे. काहिलीतला रस तापला की तो बोलतो. आधी मळी वर येते, मग फेस, मग उकळी, मग चिकट बुडबुडे. रसात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या थोडे वरच घोटाळते, आणि गूळ उतरायच्या वेळी ११८ अंशांच्या आसपास जाते. तेवढ्यात गुळव्या आवाजावरून, वासावरून ओळखतो. मेण मात्र मुके आहे. बाजारात मिळणारे साधे पॅराफिन मेण ५८ ते ६० अंशांना वितळते, आणि त्यानंतर तापत राहिले तरी त्याला उकळी नाही, फेस नाही, आवाज नाही. पाण्यासारखे स्वच्छ, शांत दिसते. १०० झाले, १५० झाले, तरी वरून फरक कळत नाही. साधारण २०० अंशांच्या आसपास गेले की त्याच्या वाफा पेट घेण्याजोग्या होतात. धूर दिसू लागला की समजावे, फार उशीर झाला आहे.

आणि मेणबत्तीत जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफच. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली होती. त्यातला एक प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. जळती मेणबत्ती हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराला लावा. ज्योत धुरावरून उतरून वातीला लागते. तो धूर म्हणजे मेणाची वाफ. चुलीवर तापलेले पातेले धुरकटते तेव्हा तीच वाफ पातेलेभर निघत असते. म्हणजे ती वात नसलेली, हातभर रुंदीची मेणबत्तीच झाली म्हणा ना.

मग पाणी का नको? पाणी मेणापेक्षा जड. ओतलेले पाणी तळाशी जाते. तिथे १०० च्या कितीतरी वर तापलेले मेण. पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ झाली की तिला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. ती मेणाला घेऊनच वर उसळते. उडालेला प्रत्येक थेंब जळता. पेटलेल्या तेलाच्या कढईचेही हेच शास्त्र. मेण पेटले तर आधी आच बंद करावी, आणि भांड्यावर घट्ट बसेल असे झाकण किंवा मोठी ताटली बाजूने सरकवून ठेवावी. वरून टाकू नये. मग ते पुरते थंड होईपर्यंत झाकण उघडू नये. "विझलं का बघू" म्हणून उघडले की पुन्हा भडका. पेटलेले पातेले उचलून अंगणात नेण्याचा मोह तर मुळीच नको. वाऱ्याने ज्वाळा आपल्याच अंगावर येते. झाकण कामाला सुरुवात करण्यापूर्वीच हाताशी काढून ठेवावे. कोरड्या मातीची बादली दाराशी असली तर उत्तम. झाकण बसवता आले नाही आणि जाळ वाढू लागला तर मेण-भांडे सोडून सगळ्यांनी बाहेर पडावे.

हे सगळे टाळण्याची युक्ती अगदी साधी आहे. मेणाचे भांडे थेट आचेवर ठेवायचेच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तळाशी एखादी वाळी किंवा उलटी ताटली, तिच्यावर मेणाचे भांडे. पाणी १०० च्या पुढे जात नाही, म्हणून मेणही जात नाही. दोन गोष्टींकडे लक्ष हवे. खालचे पाणी आटू देऊ नये. आणि पाणी खळखळून उकळू देऊ नये, नाहीतर त्याचे शिंतोडे मेणात पडतात. मेणाच्या भांड्याला दांडा असावा, सांडशी घसरते. प्रयोगशाळेत असतो तसा ११० अंशांपर्यंतचा काचेचा थर्मामीटर मिळाला तर घ्यावा. साच्यात ओतायला ७५ ते ८० अंश पुरे. आणि आच चालू आहे तोवर जागा सोडायची नाही. दारात पाहुणा येवो की दूधवाला, आधी आच बंद.

पदर खोचलेला, केस बांधलेले, साडी सुती असावी. नायलॉन, टेरिलीन विस्तवाजवळ नकोच. ते वितळून अंगाला चिकटते. पोरे आणि मांजर दाराबाहेर.

आता चुकांकडे वळू. पहिली चूक वातीची. शिलाईचा दोरा, नायलॉनची सुतळी, जुन्या साडीची किनार, काहीही घालतात. नायलॉन तर वितळतेच. वात सुती आणि वेणीसारखी गुंफलेली हवी. तशी वात जळताना टोकाशी वाकते, टोक ज्योतीबाहेर येऊन आपोआप जळून जाते, काजळी साठत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ही गुंफलेली वात निघाली, त्यापूर्वी दर थोड्या वेळाने कात्रीने वात कापत बसावे लागे. वात मेणबत्तीच्या जाडीला साजेशी हवी. फार जाड असेल तर ज्योत मोठी, धूर फार आणि मेण ओघळते. फार बारीक असेल तर वितळलेल्या मेणाच्या डबक्यात ज्योत बुडून विझते. घालण्यापूर्वी वात गरम मेणात बुडवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, मग ताणून वाळवावी. कोरडी वात तशीच घातली तर पहिल्यांदा पेटायलाच कुरकुरते. ओली राहिली तर चटचट ठिणग्या उडवते.

ओलाव्याचेही तसेच. साचा धुऊन लगेच मेण ओतले की तळाशी पाण्याचे थेंब राहतात आणि मेण अंगावर उडते. साचा पुसून, उन्हात तापवून कोरडा करावा. आतून तेलाचा हात फिरवावा तो अगदी पुसटसा. तेल जास्त झाले की मेणबत्तीवर देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात. मेण थंड होताना आकसते, त्यामुळे वातीजवळ पोकळी होते. वरून साय धरली की सुईने टोचून पुन्हा थोडे मेण ओतावे. नवशिके हे विसरतात आणि मग मेणबत्ती मध्येच भसकन खचते. साचा लवकर निघावा म्हणून बर्फात ठेवू नये, तडे जातात. साध्या पाण्याच्या बादलीत उभा ठेवला तरी चालते, पाणी आत जाऊ देऊ नये एवढेच.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मेणबत्त्या वाकतात, ही तक्रार नेहमीची. दर किलो मेणात १०० ग्रॅमपर्यंत स्टिअरिक अॅसिड घातले की मेणबत्ती टणक होते आणि साच्यातून सुटतेही चांगली. काही ठिकाणी मेण मऊ करायला रॉकेल मिसळतात असे ऐकले आहे. हा आत्मघात आहे. अत्तराचेही तसेच, स्पिरिटवाले अत्तर गरम मेणात ओतले की भपकन पेटते. रंगासाठी हळद, कुंकू, रांगोळी घालू नये. ते मेणात विरघळत नाही, वातीत अडकून तिचा गळा दाबते. मेणात विरघळणारा रंग वेगळा मिळतो, तो चिमूटभर पुरतो.

सजावटीची हौस हाही धोक्याचा विषय. नारळाच्या करवंटीत मेण ओततात, वाळलेली फुले लावतात. दिसते छान, पण करवंटी आणि फूल दोन्ही जळणारी. पातळ काचेचा पेला ज्योत तळाशी आली की तडकतो. आणि वाढदिवसाच्या केकवरच्या ठिणग्या उडवणाऱ्या 'मेणबत्त्या' घरी करण्याच्या फंदात तर कोणीही पडू नये. त्या मेणबत्त्या नव्हेतच, ती शोभेची दारू. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे अशा मालाच्या कारखान्यात आग लागून तिथे काम करणाऱ्या अनेक महिलांचे प्राण गेले. त्याही आपल्यासारख्याच घरातून चार पैशांसाठी आलेल्या होत्या.

इतकी काळजी घेऊनही हातावर मेण सांडले तर? वाहत्या साध्या पाण्याखाली हात वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण कातडीच्या आत गेलेली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. बांगड्या-अंगठी लगेच काढावी, नंतर सूज येते. चिकटलेले मेण ओढून काढू नये, कातडी निघते. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नये. फोड आला, किंवा चेहरा, डोळे, हाताचा पंजा भाजला तर दवाखाना गाठावा. मोठी दुर्घटना असेल तर १०८ ला फोन करावा. वहिनींच्या हातावर आम्ही शाई ओतली होती. डॉक्टरांना जखम दिसेना, आधी शाई धुवावी लागली.

एक प्रश्न सभासद हटकून विचारतात. उसाच्या कांडीवर, पेराखाली, पांढरी भुकटी असते ते मेणच ना? मग आपल्याच उसाच्या मेणाची मेणबत्ती का नको? बरोबर, ते मेणच. गाळपात त्याचा काही भाग रसात उतरतो आणि रस स्वच्छ करताना गाळाबरोबर प्रेसमडमध्ये जातो. पण तिथून ते काढायला पेट घेणारी द्रावणे लागतात. ते काम कारखान्याचे, चुलीचे नव्हे. शिवाय ते मेण काळपट आणि कडक, वितळायलाही पॅराफिनपेक्षा जास्त उष्णता घेते. प्रेसमड आपल्या शेतातच बरा.

धंद्याचा हिशेबही सांगतो. साध्या पांढऱ्या मेणबत्तीत मोठ्या कारखान्यांशी आपली बरोबरी होणार नाही. दिवाळी, नाताळ, लग्नकार्य अशा वेळच्या रंगीत, जाड मेणबत्तीतच काय ते सुटेल. वर्षभराच्या कमाईची आशा धरून कर्ज काढू नये.

आणि विकताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. हंगामात आपल्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. चटई, पाचट आणि बांबूच्या त्या कोप्या, आत झोपलेली लेकरं. उरलेल्या मेणबत्त्या कोणी मायेने तिथे नेऊन देतो. देऊ नये. त्याऐवजी बॅटरीचा दिवा द्यावा, तो महाग पडला तरी.

प्रत्येक नव्या खेपेतल्या तीन मेणबत्त्या आधी स्वतःच्या घरी, ताटलीत उभ्या करून, समोर बसून शेवटपर्यंत जाळून पाहाव्यात. धूर किती, ओघळते का, शेवटी ज्योत मोठी होते का, हे वहीत लिहावे. वात पेटवण्याआधी अर्ध्या सेंटिमीटरइतकी कापावी. भांड्यात उरलेले मेण मोरीत ओतू नये, नळी बसून जाते. थंड झाल्यावर खरवडून डब्यात ठेवावे, पुढच्या खेपेला चालते. आमच्या वहिनी अजून दिवाळीला मेणबत्त्या करतात. पाण्याच्या पातेल्यात, झाकण शेजारी ठेवून. दारात कोणी हाक मारली की आतूनच ओरडतात, "थांबा, आधी गॅस बंद करते!"