इसार देण्याआधी वकील

अभ्यासासाठी वाचन : यिर्मया 32:6-15



मागच्या पावसाळ्यात एक पारधी बाई आमच्याकडे सांगवीला आल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. पाचशेचा स्टॅम्प पेपर, नोटरीचा गोल शिक्का, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. ऊसतोडीची उचल फेडून उरलेले पैसे आणि चार शेळ्यांची किंमत, यांतून घरासाठी दोन गुंठे घेतले होते. सहा वर्षे तिथे पत्र्याचे घर उभे आहे. आता विकणारा वारला आणि त्याची मुले म्हणतात, जागा आमची. “ताई, ह्यो कागद चालंल ना?” त्यांनी विचारले. मला हो म्हणता आले नाही.

1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीला द्यायचे असते. अमक्याने माझ्यासमोर सही केली, एवढेच नोटरी सांगतो. त्याच्या शिक्क्याने मालकी बदलत नाही. मग इतकी माणसे नोटरीकडे का जातात? बहुतेक वेळा कारण तुकडेबंदी असते. 1947 च्या कायद्याने ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान शेततुकडा विकायला बंदी घातली. 2023 मध्ये ही मर्यादा बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे झाली. दोन गुंठ्यांचा दस्त निबंधक घेत नाही, म्हणून मधला माणूस सांगतो, “नोटरी करून घ्या, सगळे असेच करतात.” सगळे असेच करतात हे खरे आहे, आणि सगळे असेच अडकतात.

आता वाचनाकडे वळू. यरुशलेमेला वेढा पडला आहे, यिर्मया कैदेत आहे, तरी तो चुलतभाऊ हानामेलाकडून अनाथोथ येथील शेत घेतो. विकणारा रक्ताचा नातलग, पण कागदात सूट नाही. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलले, लेखावर सही केली, साक्षीदार बोलावले. लेखाच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद व एक उघडी. दोन्ही त्याने सर्वांच्या देखत बारूखाच्या हाती दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. मंडळीत मी पुष्कळदा ऐकते, “विश्वासातला माणूस आहे, कागद कशाला?” त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

आपला बारूख कोण? सॉलिसिटर हा शब्द मुंबईकडे ऐकू येतो. बारामती-इंदापूरला हे काम दिवाणी वकील करतात. पहिली अट अशी की तो वकील आपला असावा. विकणाऱ्याचा नको, एजंटाने आणलेला नको. “दोघांचा मिळून एकच वकील, खर्च वाचेल” हे बोलणे मला सगळ्यात महाग पडलेले दिसते. बाँड रायटर दस्त सुबक लिहून देतो, पण जमिनीचा मागचा इतिहास तपासणे हे त्याचे काम नाही. वकिलाकडे बार कौन्सिलची सनद आहे का, तो जमिनीचीच कामे करतो का, फी किती व त्यात काय काय आले, हे आधी विचारा. विचारायला संकोच करू नका. आणि शोध अहवाल लेखी मागा. “बघितलंय, क्लिअर आहे” हे तोंडी उत्तर अहवाल नव्हे.

या अहवालासाठी वकील साधारण तीस वर्षांचा मागोवा घेतात. निबंधक कार्यालयातल्या नोंदी आणि इंडेक्स दोन पाहतात, सातबारावरचा प्रत्येक फेरफार क्रमांक काढून वाचतात, आणि न्यायालयात दावा चालू आहे का तेही पाहतात. नीरा डाव्या कालव्याच्या आपल्या पट्ट्यात ऊस आहे, म्हणजे सोसायटीचे कर्जही आहे. इतर हक्काच्या रकान्यात बोजा दिसतोच. तो फेडल्याचा दाखला खरेदीआधी हातात हवा. वारसांच्या नोंदीही तपासाव्यात, विशेषतः बहिणींच्या. हिंदू कुटुंबात मुलींचा हक्क आता मुलांइतकाच आहे. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा वारसा कायदा लागू होतो : मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना सारखे. “बहिणी काही मागत नाहीत” असे सांगितले, तर त्यांना सही करायला बोलवा.

आता नेहमीचे प्रश्न.

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव लागले, आता काळजी नाही ना? काळजी आहे. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

वर्ग 2 म्हणजे काय? भोगवटादार वर्ग 2 ची जमीन शासनाच्या अटींवर दिलेली असते. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. 1958 च्या कायद्यानंतर महार वतनाच्या पुष्कळ जमिनी अशाच अटीवर परत मिळाल्या. आपल्या मंडळीतल्या कित्येक घरांच्या जमिनी या प्रकारच्या आहेत, म्हणून विकतानाही सांभाळा.

इसार रोख दिला तर? वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख देण्याघेण्यावर आयकर कायद्याची बंदी आहे. बँकेतूनच द्या, आणि अहवाल हाती आल्यावरच द्या.

आदिवासीची जमीन स्वस्तात मिळते आहे, घेऊ का? हा प्रश्न आपल्या कामाला हितचिंतक म्हणवणाऱ्या माणसानेही मला विचारला आहे. महसूल संहितेचे कलम 36अ 6 जुलै 1974 पासून लागू आहे. बिगर आदिवासीला अशी जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वसंमतीने. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती घ्यायला कोणी आदिवासी तयार नाही, याची खात्री जिल्हाधिकाऱ्याने आधी करायची असते. सातबारावर शेरा नसला तरी बंधन सुटत नाही. 1957 ते 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, इतक्या त्या गेल्या होत्या. तेव्हा स्वस्त का आहे, हे आधी स्वतःला विचारा.

वकिलाची फी झेपत नसेल तर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आमच्या त्या बाईंनीही तसाच अर्ज केला. वकिलांनी पहिल्या दिवशी सातबारा काढला : नाव अजून मयत मालकाचेच, वारसांची नोंदही झालेली नाही. जुने तुकडे नियमित करण्यासाठी शासनाने अलीकडे नियम सैल केले आहेत. त्यात हा गट बसतो का, ते पाहणे चालू आहे. पण बसला तरी सर्व वारसांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त लागेलच. मयताची थोरली लेक सही द्यायला तयार आहे. तिच्या भावांशी पुढच्या आठवड्यात बोलणे ठरले आहे. बाई तो नोटरीचा कागद बरोबर घेऊन येणार आहेत. पैसे पोहोचल्याचे त्यात लिहिले आहे, आणि वकील म्हणतात की तेवढा तरी उपयोग होईल.