न दिलेल्या देणगीचा हिशेब

देणगीची पावती ही जालना जिल्ह्यात घरोघरी ओळखीची वस्तू आहे. राजूरच्या गणपतीला, समर्थ रामदासांच्या जन्मगावी जांबला अथवा गावच्या सप्ताहाला दिलेल्या रकमेची पावती अनेक कुटुंबे जपून ठेवतात. अलीकडे मात्र बँक कार्डाच्या विवरणपत्रात एखाद्या अपरिचित संस्थेच्या नावापुढे शंभर-पन्नास रुपयांची देणगी नावे पडलेली आढळते. खातेदार मनाशी म्हणतो, रक्कम किरकोळ आहे, शिवाय धर्मकार्याला गेली. तक्रार कशाला करावयाची? या संकोचाची किंमत पुष्कळदा पुढे मोजावी लागते.

चोरलेल्या कार्डक्रमांकांपैकी कोणते चालू आहेत, हे भामट्याला आधी पाहावयाचे असते. देणगीच्या संकेतस्थळावर कितीही लहान रक्कम चालते, माल पोचविण्याचा पत्ता लागत नाही, म्हणून अशा चाचणीस ते सोयीचे ठरते. पन्नास रुपये वठले की मोठ्या रकमेस हात घातला जातो. अशा प्रकरणी ज्या संस्थेचे नाव उताऱ्यावर दिसते तीही बहुधा निर्दोष असते, हे ध्यानात ठेवावे.

भारतातील ऑनलाइन कार्ड व्यवहारांस रिझर्व्ह बँकेने २००९ पासून अतिरिक्त पडताळणी आवश्यक केली. आपल्याला ओटीपी म्हणून परिचित आहे तो त्यातलाच प्रकार. परदेशातील अनेक संकेतस्थळे मात्र तो न मागताच रक्कम घेतात. म्हणूनच २०२० मध्ये कार्डाचा परदेशी व ऑनलाइन वापर चालू-बंद करण्याची सोय ग्राहकाच्या हाती देण्यात आली. ज्यास परदेशी व्यवहाराचे कारण नाही, त्याने ती कळ बंदच ठेवलेली बरी.

तथापि प्रत्येक अनोळखी नोंद ही चोरी नव्हे. परतूरच्या एखाद्या शिक्षकाने आपत्तीच्या वेळी ऑनलाइन मदत पाठविताना ‘दरमहा’ या चौकटीवर खूण केली असेल, तर ती देणगी पुढेही कापली जाते. अशा आवर्ती संमतीवरील कपातीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून जुने संदेश प्रथम चाळावेत. न्यासाचे नोंदणीतील नाव व लोकांच्या तोंडचे नाव यांतही अंतर असते. घरात दुसऱ्या कोणी कार्ड वापरले काय, तेही विचारावे. ही चौकशी एका दिवसात आटोपावी. संदेशातील दुव्यावर वा त्यातील क्रमांकावर मात्र ती करू नये. ‘देणगी परत करतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा हा दुसरा चोर समजावा.

उलगडा न झाल्यास कार्ड तत्काळ बंद करून बँकेस कळवावे व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. येथे दिवसांना महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले, की दोष बँकेचाही नाही व ग्राहकाचाही नाही, अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर कोणताही भार नाही. सूचना मिळाल्याचा दिवस यात धरत नाहीत. चार ते सात दिवस लागल्यास मूलभूत बचत खात्यास कमाल ५,००० व इतर बचत खात्यांस १०,००० रुपयांपर्यंत झळ बसू शकते. त्यापुढे बँकेचे धोरण. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावयाची असून दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही असाच आदेश निघाला. यानंतरच्या सुधारणा शाखेत विचारून घ्याव्यात.

हे नियम कागदावरच राहिलेले नाहीत. त्यांच्याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख रुपये परत करण्याचा आदेश बँकेस दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, २४ तासांच्या आत कळविणाऱ्या एका ग्राहकाच्या ९४ हजारांच्या प्रकरणी बँकेचे उत्तरदायित्व कायम ठेवले.

फसवणूक उघड असेल तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. संस्थेविषयीच संशय असेल आणि ती राज्यातील असेल, तर तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहता येते.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. जनधन खात्यास जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक कित्येकदा बदललेला किंवा दुसऱ्याचाच असतो. मग संदेश येतो तो भलत्याच हाती. घनसावंगी किंवा मंठ्याच्या बाजाराला निघालेल्या खातेदाराने त्याच फेरीत शाखेत जाऊन हा क्रमांक तपासून घ्यावा आणि पासबुकही भरून आणावे.