दोनशेची सूट अन् पाचशेचा खड्डा

मित्रांनो, हॉस्टेलवाल्यांचे पैसे आणि महिना यांची शर्यत लागली की महिनाच जिंकतो, हे वेगळे सांगायला नको! अशा वेळी मोबाईलवर 'फक्त आजच! २०० रुपये सूट' असे कूपन आले की देव पावल्यासारखे वाटते. मलाही वाटले होते. कूपनने पैसे कसे वाचवायचे हे मी आधी चुकून आणि मग शिकून घेतले. तेच इथे मांडतो.

सेकंड इयरच्या ऑगस्टमधली गोष्ट. मला साबण, टूथपेस्ट, तेल आणि कपडे धुण्याची पावडर एवढेच घ्यायचे होते. सगळे मिळून ३४० रुपये. पण कूपन होते ९९९ च्या वरच्या खरेदीवर. मग काय, बॉडी स्प्रे घेतला, नूडल्सची पाकिटे घेतली, गरज नसताना इअरफोन घेतले. बिल झाले १०१०. त्यातून २०० गेले, ४० रुपये घरपोच आणण्याचे लागले, म्हणजे ८५०. "दोनशे वाचवले बे!" असे रूम पार्टनरला ऐटीत सांगितले.

दहा तारखेला मेसचे पैसे भरायला गेलो तर बरोबर पाचशे कमी! घरी फोन केला आणि "प्रॅक्टिकलचं सामान घ्यायचं आहे" असे खोटे सांगितले. बाबा फक्त "बरं" म्हणाले. संध्याकाळी पैसे आले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईकडून कळले, की ते पैसे कपाशीच्या फवारणीसाठी ठेवलेले होते. बाबांनी मला एका शब्दाने विचारले नाही. त्याचेच जास्त लागले.

दिवाळीहून परत येताना अकोल्याला जठारपेठेत मावशीकडे उतरलो. मावशी पाकिटांतली कूपने बिस्किटाच्या जुन्या डब्यात जपून ठेवते, हे लहानपणापासून पाहत होतो. तिला सारे सांगून टाकले. ती म्हणाली, "ते सारं तुले लागत होतं का?"

"नाही, पण सूट होती ना मावशी."

"मंग वाचलं काय? सूट त्याईनं देल्ली, पण पैसे तं तुहेच गेले!"

तिच्या डब्यात कूपनांच्या वर महिन्याची यादी ठेवलेली असते. यादीत नसलेल्या वस्तूचे कूपन ती सरळ फेकून देते. तिथून मी वही घातली. वर्षभरात जे कळले ते असे :

१) आधी यादी, मग कूपन. साबण संपायला आला आणि साबणाचे कूपन हाती आहे, तर ती बचत. कूपन आहे म्हणून साबण घेतला, तर तो खर्च.

२) सूट पाहू नका, दर काढा. समजा, १८० मिलीची शाम्पूची बाटली १३५ रुपयांना आहे आणि कूपनवर १५ रुपये सूट आहे. म्हणजे १२० रुपये, मिलीला सुमारे ६७ पैसे. त्याच शाम्पूची ६ मिलीची पुडी २ रुपयांना मिळत असेल, तर मिलीला ३३ पैसे. म्हणजे कूपन लावूनही बाटली दुप्पट महाग! हल्ली बऱ्याच पाकिटांवर ग्रॅमचा किंवा मिलीचा दर छापलेला असतो, तो वाचा.

३) टक्क्यांना फसू नका. आपण इंजिनिअरिंगचे, तरी इथेच गोता खातो. '२०% वर आणखी १०%' म्हणजे ३०% नव्हे, २८%. '२५% जास्त माल' म्हणजे दरात २०% सूट. 'दोनावर एक मोफत' म्हणजे ३३%. आणि '५०% पर्यंत' मधला 'पर्यंत' हा शब्द नेहमी बारीक अक्षरात असतो.

४) एमआरपी ही जास्तीत जास्त किंमत आहे. सगळे कर तिच्यातच धरलेले असतात. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी मात्र घेता येते. कूपनची सूट बहुधा एमआरपीवर मोजलेली असते. ठोक दुकानदार ती वस्तू आधीच त्याहून कमी दराने देत असेल, तर कूपन कशाला हवे?

५) घाई करू नका. 'फक्त ९ मिनिटे शिल्लक' असे घड्याळ दिसले की मोबाईल खाली ठेवून चहा प्या. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नियमांत आणले. अशी खोटी घाई त्यातलाच एक प्रकार आहे. न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणे हाही त्यातलाच. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

६) बक्षिसाच्या कूपनपासून सावध. पैसे 'मिळण्यासाठी' यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी मागितला तर समजा, कूपन तुमचेच कापले जात आहे! फसलाच, तर लगेच १९३० वर फोन करा.

७) सर्वात मोठे कूपन आपल्या खिशातच आहे, ते म्हणजे कॉलेजचे ओळखपत्र. ऑटोकॅडसारखे महागडे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना अभ्यासापुरते मोफत मिळते. पैसे भरण्याआधी "विद्यार्थ्यांना सवलत आहे का?" एवढे विचारायला लाजू नका.

आता शेवटचा उपाय, जो आमच्या विंगमध्ये सर्वात जास्त चालला. १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल ठोकात घ्यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, अशी तिची पद्धत. म्हटले, मुंबईच्या बायाबापड्यांना जमते ते आपल्याला का जमू नये? आम्ही आठ जणांनी याद्या एकत्र केल्या आणि अमरावतीच्या इतवारा बाजारातून साबण, पावडर, पेस्ट, चहा ठोकात आणले. पहिल्या महिन्यात माझे १४० रुपये वाचले. वाटणीच्या वेळी थोडी भांडणे झाली, नाही असे नाही! पण हिशेब भिंतीवर लावायला लागलो तेव्हापासून तीही थांबली.

असो. यंदा पेरणीच्या वेळी घरी गेलो तेव्हा बाबांच्या हातावर पाचशे रुपये ठेवले. "कायचे हे?" त्यांनी विचारले. म्हटले, "प्रॅक्टिकलचं सामान घेतलंच नव्हतं बाबा." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माहीत होतं मले." आणि पैसे खिशात ठेवून बियाण्याची बॅग उचलायला गेले.

तर मित्रांनो, कूपन वाईट नाही. पण ते वापरण्याआधी एकदा स्वतःला विचारा, की हे नसते तर ही वस्तू मी घेतली असती का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल वापरा. आणि आमच्या ठोक खरेदीत यायचे असेल, तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी घेऊन या. मात्र पैसे रोख, उधारी बंद!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल