परसातल्या कोंबड्या आणि माश्या: औषधाआधी ओल बंद करा

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीसारख्या गावात परसात पन्नास-शंभर गावरान कोंबड्या पाळणाऱ्याचा खरा सीझन आखाडात. आणि माश्यांचा सीझनही नेमका तोच! दोन पाऊस पडले की खुराड्याभोवती घोंघावणं सुरू. शेजारी कुरकुरतात, दारात आलेलं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून भाव पाडून मागतं.

बहुतेक जण औषध आणून फवारतात. दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. कारण औषधानं मरते ती उडणारी माशी. घरमाशी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. उबदार हवेत ती दिवसभरात फुटतात आणि 7 ते 10 दिवसांत नवी माशी तयार. पण अळीला ओल लागते, कोरड्या विष्ठेत ती वाढत नाही. म्हणून पैसा आधी ओल थांबवण्यावर घाला.

ही ओल बहुतेक वेळा ड्रिंकरखालीच सापडते. ड्रिंकरची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, सांडणं बरंच कमी होतं. पत्र्याची गळती पावसाआधी बुजवा. खाली भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं दोन-तीन इंच पसरा आणि रोज खालीवर करा. मूठभर लिटर दाबून बघा: गोळा झाला आणि फुटलाच नाही, तर ओल जास्त. तेवढा भाग त्याच दिवशी काढायचा. बाकी साफसफाई आठवड्याला, म्हणजे अळीची माशी व्हायच्या आत. काढलेलं खत उघड्यावर टाकू नका, ढीग करून प्लास्टिकनं घट्ट झाका. आतल्या उष्णतेनं अळ्या मरतात आणि खत विकताही येतं.

काही जण म्हणतात, "अळ्या म्हणजे कोंबडीला फुकटचं खाद्य." मला हे पटत नाही. माशीतून कोंबडीला पट्टकृमी होतात. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्या तर जास्तच घातक. त्यांच्यातल्या विषानं कोंबडीची मान लुळी पडते, जीवही जातो. मेलेला पक्षी लगेच चुना टाकून खोल पुरा.

आता सगळ्यात वाईट प्रकार, अंगावर किडे पडणं. हगवणीनं मागची पिसं बरबटली किंवा टोचून जखम झाली, की माशी तिथंच अंडी घालते. कोंबडी एका कोपऱ्यात शेपूट पाडून बसली, घाण वास आला, तर संध्याकाळची वाट बघू नका. तिला वेगळी करा, पिसं कातरा, कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा, चिमट्यानं किडे काढा. फिनेल, रॉकेल असलं काही लावायचं नाही. किडे आत शिरले असतील तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा तपासा, कारण राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात. जखम भरेपर्यंत तिला बारीक जाळीच्या खोक्यातच ठेवा.