डब्यातलं थोडंसं

ठाणे,
अक्षय्य तृतीया

चि. सोपान यास,


हायवेलगतचे गाळे रंगवायचं काम तुला मिळालं, ऐकून बरं वाटलं. फोनवर तू म्हणालास, “मामा, डब्यात कंपनी तरी पाणीच विकते. मग आम्ही दोन तांबे जास्त ओतले तर काय बिघडलं?” याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय.

तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. इमल्शनच्या डब्यात वजनानं तिसरा हिस्सा ते निम्मं पाणीच असतं. पण त्या पाण्यात अ‍ॅक्रिलिकचे गोल कण सुटे तरंगत असतात. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांएवढे. पाणी उडालं की हे कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि एकजीव होऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो. बुंदीच्या लाडवासारखंच आहे हे. पाकात मुरलेली बुंदी वळली जाते; कोरडी, कडक बुंदी कितीही दाबली तरी सुटीच राहते. रंगवलेल्या भिंतीवर हात फिरवला की तळव्याला भुकटी लागते, तेव्हा समजावं, कण जुळलेच नाहीत.

कण मऊ करायला कंपनी एक द्रव्य घालते. टेक्सानॉल हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. ते 250 अंशांच्या वर उकळतं. त्यामुळे पाणी निघून गेलं तरी ते मागं थांबतं, कणांना जुळू देतं आणि मग सावकाश उडून जातं. शंभर किलो रंगात ते जेमतेम एक-दोन किलो असतं. ते नसेल तर बऱ्याच अ‍ॅक्रिलिकना जुळायला 15-20 अंशांची ऊब लागते. ते असलं की 5 अंशांच्या आसपासही काम होतं. तरी डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात ब्रश उचलू नकोस, कारण हवा तापली तरी भिंत बराच वेळ गार असते. बाहेरच्या भिंतीचं काम संध्याकाळी लवकर थांबव. अर्धओल्या रंगावर दव पडलं की आतली साबणासारखी द्रव्यं वर येतात आणि सकाळी चिकट, तपकिरी ओघळ दिसतात. ते पाण्यानं धुऊन निघतात, पण तोवर मालकाचा तुझ्यावरचा विश्वास उडालेला असतो.

आत्ताची अडचण उलटी आहे. उन्हाळ्यात भिंतीला हात टेकवत नाही आणि कोरडी पुट्टी पाणी पिऊन टाकते. कणांना नीट रचून बसायलाही वेळ मिळत नाही. रंग तडकतो, रोलरच्या पट्ट्यांचे जोड उठून दिसतात. रंग थोडा जास्त वेळ ओला राहावा म्हणून डब्यात ग्लायकॉल असतं, पण तुमच्या वडीगोद्रीच्या मे महिन्यातल्या वाऱ्यापुढं ते एकटं किती पुरणार? म्हणून सावलीच्या मागं मागं सरकत काम कर. सकाळी पश्चिमेची भिंत घे, दुपारनंतर पूर्वेची. पुट्टीवर प्रायमर चुकवू नकोस.

आता तुझे दोन तांबे. नुसत्या पाण्याला तेलकट भिंतीवर पसरणं जमत नाही, ते थेंब धरतं; म्हणून साबणासारखं द्रव्य घालतात. त्यानं फेस होतो, म्हणून फेस मारणारं दुसरं द्रव्य. तेही जास्त झालं तर रंगाला खड्डे पडतात. ब्रशखाली रंग पातळ व्हावा आणि भिंतीवर लागताच पुन्हा घट्ट व्हावा, हे सेल्युलोजपासून केलेल्या दाट द्रव्याचं काम. ब्रशच्या रेषा बुजतात, पण ओघळ येत नाहीत, तो तोल त्याच्यामुळे. पांढऱ्या रंगाची पूड गोळा होऊ नये म्हणून आणखी एक द्रव्य. ही सगळी मिळून शंभरात चार-पाच भाग भरतात आणि एकमेकांच्या मापावर बसवलेली असतात. तू जास्तीचं पाणी ओतलंस की पूड तळाला बसते, रंग ओघळतो, थर पातळ पडतो.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पूड सुटी ठेवणाऱ्या द्रव्यालाच धरतात. कालव्याच्या गढूळ पाण्यातून जंतू येतात. ते सेल्युलोज खातात आणि उरलेला रंग आठवड्याभरात पातळ होऊन वास मारू लागतो. स्वच्छ, गोडं पाणी घे, डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापी भांड्यानं. पाणी घातलेला रंग मूळ डब्यात परत ओतू नकोस.

आपले जुने रंगारी चुन्यात डिंक घालत, अलीकडचे फेव्हिकॉल घालतात. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो. त्याचं शास्त्र वेगळं, तिथं ते चालून गेलं. इमल्शनमध्ये मात्र घरची भर नको.

चकाकीसाठी वर वॉर्निश मारा म्हणणारं गिऱ्हाईकही भेटेल. त्याला अजिंठ्याचं सांग. 1920 नंतर निजाम सरकारनं तिथली चित्रं वाचवायला लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन जाणकाराला आणलं. सुटू लागलेला गिलावा त्यानं जागेवर पक्का केला, हे मोठंच काम झालं. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढं पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो जपून काढत बसावं लागलं. चकाकी हवी असेल तर चकाकीचाच रंग घ्यावा.

शेवटचं, पैशाचं. अंदाजपत्रकात रंग आणि मजुरीबरोबर दिवसही लिही. नव्या गिलाव्याला 28 दिवस, दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेले तास, आणि रंग झाल्यावर दोन-तीन आठवडे भिंत धुवायची नाही, ही अट. हाताला कोरडा लागलेला रंग आत अजून जुळत असतो. घाई करणाऱ्या मालकाला हे काम घेण्याआधी सांग. नंतर सांगितलंस तर ते सबब म्हणून ऐकलं जातं. एखादं काम हातचं जाईल, जाऊ दे. हायवेवरची भिंत रोज शेकडो लोक बघतात, आणि ती कोणी रंगवली हे गावाला माहीत असतं.

ताईला नमस्कार सांग. पहिला गाळा झाला की फोटो पाठव; पंधरा दिवसांनंतरचा.

तुझा,
मामा