भज्यात गहू कुठून आला?

हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायची वेळ फार थोड्या घरांवर येते. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. मूळ राळ इतकी उग्र असते की डिंक आणि पीठ घालून ती सौम्य करावी लागते. ते पीठ कधी तांदळाचं असतं, पण अनेकदा मैद्याचं. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण आमच्या नातवाला सिलिॲक निघाला, तेव्हा त्या डबीने आम्हाला बरंच पळवलं.

सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. गोळी घेऊन उतरणारं हे दुखणं नाही, पथ्य जन्माचं. ‘ग्लुटेनमुक्त’ अशी चिठ्ठी लावायची तर पदार्थात दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे. एवढंसं चिमटीतसुद्धा धरता येत नाही. ‘एका पोळीने काय होतंय’ म्हणणारी वडीलधारी मंडळी घरोघर असतात, त्यांना हा आकडा जरूर सांगा. आणखी एक गोष्ट अगदी आधी सांगायला हवी: मुलाचं पोट सारखं बिघडतंय म्हणून मनानेच गहू बंद करू नका. आधी रक्त तपासून घ्या. गहू थांबवल्यावर केलेली तपासणी निर्दोष येऊ शकते आणि मग निदान लांबतं.

लेकीने गहू बंद केलाच, पण ज्वारी-तांदळाची पिठंही गिरणीतूनच यायची, म्हणून काही काळ धान्यच नको असं तिने ठरवलं. संध्याकाळच्या खाण्याला भाज्यांची, फळांची भजी, वडे, काप सुरू झाले. माझ्या चतुर्थी-एकादशीमुळे शिंगाडा, राजगिरा घरात होतेच. पोराला आवडलंही. तरी पुढच्या तपासणीत रक्तातला आकडा हवा तसा उतरलेला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्याची यादी बाजूला ठेवली आणि मिसळणाचा डबा, पिठांच्या पिशव्या, चाळणी, सगळं घेऊन या म्हणाल्या. हिंग तिथेच सापडला. त्यानंतर गिरणी. गव्हाच्या दळणापाठोपाठ राजगिरा टाकला, की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ आधी बाहेर येतं आणि तुमच्या डब्यात पडतं. गिरणीवाल्याचा यात काहीच दोष नाही. दिवसभर तो गहूच दळत असतो.

तेव्हापासून आमच्याकडे पीठ घरीच होतं. राजगिरा कोरडाच किंचित भाजायचा, गार झाला की मिक्सरच्या लहान भांड्यात दळायचा. वाळलेले शिंगाडे दगडासारखे असतात. ते आधी खलबत्त्यात फोडून घ्या, नाहीतर पात्याचं काही खरं नाही. चाळणी, पोळपाट, लाटणं वेगळं ठेवा. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या भेगांत बसलेली कणीक धुऊन पूर्ण जात नाही. पुऱ्या तळलेलं तेल भज्यांना वापरायचं नाही. हिंग हवाच असेल तर डबीवर घटक वाचून तांदळाच्या पिठाचा घ्यावा. आम्ही आलं आणि ओवा यांवर भागवतो, कुणाची तक्रार नाही.

उपवासाचं म्हणून जे विकलं जातं, त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. भगर उपवासाला चालते, पण ती तृणधान्यच. तिच्यात ग्लुटेन नसतं एवढंच. शिवाय भगरीच्या सुट्या पिठाला बुरशी लागून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात, महाशिवरात्रीला येतच असतात. पाकीटबंद भगर आणावी, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी. तयार उपवासाची भाजणी तर कुठल्या जात्यातून आली ते कळायला मार्गच नाही. बेसन नातवाला चालतं, पण हरभऱ्याची डाळ घरी दळलेली असेल तरच. माझ्या एकादशीला ते चालत नाही, म्हणून दोघांची भजी एका घाण्यात काढायची तर शिंगाडा-राजगिराच खरा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे. ही पिठं गव्हासारखी चिकटून धरत नाहीत, त्यामुळे वडा तेलात फुटतो. मग घाबरून माणूस पिठावर पीठ घालत जातो आणि शेवटी भाजीची चव शोधावी लागते. बांधायचं काम भाजीकडूनच करून घ्यावं. कच्ची केळी सालीसकट उकडा, गरम असतानाच सोलून किसा. चार केळ्यांना मूठभर दाण्याचं कूट, आलं-मिरची, जिरं, लिंबू, मीठ आणि दोन-तीन चमचे शिंगाड्याचं पीठ पुरतं. रताळं, उकडलेल्या फणसाच्या आठळ्याही असंच धरून ठेवतात. पहिला वडा एकटाच सोडून पाहा. फुटला तर मिश्रणात आणखी एक चमचा पीठ मिसळा, पाच नव्हे.

पाणीदार भाज्यांचं शास्त्र वेगळं. दुधी किसण्याआधी त्याचा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, शिजवून तो सुधारत नाही. कडू दुधीने माणसं गंभीर आजारी पडली आहेत. चांगला निघाला तर किसून घट्ट पिळा, पाणी आमटीला घ्या, आणि मीठ तळणीच्या अगदी तोंडाशी घाला. आधी घातलं की पीठ सैल झालंच म्हणून समजा. घोसाळ्याच्या चकत्यांना दोन्ही पिठं निम्मीनिम्मी लावते. नुसत्या शिंगाड्याची भजी गरम असताना कुरकुरीत, गार झाली की कडक. नुसत्या राजगिऱ्याची मऊ पडतात.

काप मात्र माझे सगळ्यांत लाडके. कोकणात आणि गोव्यात सुरणाला, नीरफणसाला रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तव्यावर परततात. रव्याऐवजी शिंगाड्याचं पीठ, तिखट, हळद, मीठ लावलं तर फारसा फरक कळत नाही. सुरणाला आधी चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं पाणी चोळून ठेवायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल आणि दोष शिंगाड्यावर जाईल.

फळांत पिकलेलं राजेळी केळं सर्वांत सोपं. जाड तिरके काप, पातळ पीठ, मंद आच. केळ्यातली साखर चटकन करपते, म्हणून आच वाढवायचा मोह आवरावा. लाल भोपळ्याचे घारगे करायचे तर कीस गुळात शिजवून पूर्ण कोरडा करा, गार झाल्यावर मावेल तेवढं राजगिऱ्याचं पीठ घाला आणि केळीच्या पानावर जाडसर थापा. पातळ थापले तर कडा चिरतात.

इथे आमच्या ह्यांचा विषय निघतो. धान्य नाही म्हटल्यावर ह्यांनी मधुमेहाला सुट्टी दिली आणि पाच-सहा घारगे एका बैठकीत संपवले. गहू नसला तरी गूळ आहे, भोपळा आहे, पिठाचा पिष्टमय पदार्थ आहे, तेल आहे. साबुदाण्याचंही तेच. पौष्टिक म्हणून मुलांना रोज तळण देऊ नये. आम्ही वडे आप्पेपात्रात थेंब-थेंब तेलावर करतो, तळण आठवड्यातून एखाद्या वेळी. कढईत तळायचं तर तेल नीट तापू द्या. पिठाचा थेंब लगेच वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर भजी तेल पिणार. एका वेळी थोडीच सोडा, आणि उरलेलं काळं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

बाहेरची बेसनाची भजी नातवाला आम्ही देत नाही. पीठ चोख असेलही, पण त्याच कढईत सामोसे आणि ब्रेड पकोडे तळलेले असतात. लग्नकार्याला जाताना सुरणाच्या कापांचा डबा पिशवीत असतो. केळ्याचे वडे नेऊन पाहिले, पण ते गार झाले की घट्ट होतात आणि तो अर्धे परत आणतो.