मोटार विमा : नुकसानीचे मूल्यांकन आणि दाव्याची पूर्तता

अपघातग्रस्त मोटारीच्या दुरुस्तीचे देयक आणि विमा कंपनीने मंजूर केलेली रक्कम यांत बहुधा अंतर आढळते. या अंतराचे मूळ क्षतिपूर्तीच्या तत्त्वात आहे. विमाधारकास अपघातापूर्वीच्या आर्थिक स्थितीत आणणे हा विम्याचा हेतू असतो. त्यास नफा मिळवून देणे हा नव्हे. जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसविल्यास होणारी मूल्यवाढ मालकाने सोसावी, असे हे तत्त्व सांगते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या वाहनाच्या हानीचे संरक्षण ऐच्छिक असून पुढील विवेचन त्यासंबंधी आहे.

अपघाताची सूचना मिळाल्यावर, दुरुस्तीपूर्वी हानीची पाहणी होते. विहित मर्यादेवरील दाव्यांसाठी विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसार परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल आवश्यक असतो. हा परवाना भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण देते. सर्वेक्षक हानीचे कारण, विमापत्राच्या अटी आणि दुरुस्तीचा वाजवी खर्च तपासतो.

प्रमाणित विमापत्रात घसाऱ्याचे दर ठरलेले असतात. रबर व प्लास्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, तर काचेवर घसारा नाही. धातूच्या भागांवरील दर वाहनाच्या वयानुसार वाढतो.

उदाहरणार्थ, १२०० सीसीची साडेतीन वर्षे जुनी खासगी मोटार घेऊ. धातूचे भाग २०,००० रुपये, प्लास्टिकचा बंपर ८,०००, काच ६,००० आणि मजुरी ६,००० असे देयक, कर वगळता, ४०,००० रुपयांचे होते. धातूवर २५ टक्के व प्लास्टिकवर ५० टक्के घसारा जाऊन ३१,००० रुपये ग्राह्य ठरतात. १,००० रुपयांची अनिवार्य वजावट करून ३०,००० रुपये मिळतात. उरलेले १०,००० रुपये मालकाच्या खिशातून जातात. जादा हप्ता भरून 'शून्य घसारा' संरक्षण घेतल्यास यातील घसाऱ्याचा भाग टाळता येतो.

दुरुस्तीचा खर्च घोषित विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास वाहन पूर्णतः नष्ट मानले जाते. म्हणूनच हप्ता वाचविण्यासाठी हे मूल्य कमी दाखविणे अंगलट येऊ शकते.

लहान दाव्यांचा विचार निराळा. दावारहित वर्षांसाठी हप्त्यात २० ते ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी सवलत दावा केल्यास सामान्यतः संपुष्टात येते. त्यामुळे किरकोळ हानी मालक स्वतःच सोसतो आणि निष्काळजीपणाच्या प्रवृत्तीस आळा बसतो.

सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. निर्णय अमान्य असल्यास प्रथम कंपनीचा तक्रार निवारण कक्ष आणि त्यानंतर विमा लोकपाल हा मार्ग आहे. ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. मात्र त्यासाठी रकमेतील प्रत्येक वजावटीचे कारण विमाधारकास समजणे ही पहिली अट होय.